आण्णांच्या कॉम्प्युटरचा नवा पासवर्ड

मंगळवार, संध्याकाळ. भोर.

काल आमच्या खताच्या दुकानाच्या कॉम्प्युटरला सुरक्षेचं नवं सॉफ्टवेअर बसवलं, पासवर्डही बदलला. सासऱ्यांना, आण्णांना, मुद्दामच सांगितला नाही. नीट दिसत नाही म्हणून ते खत न्यायला आलेल्या कुणालाही समोर बसवतात आणि मोठ्यानं सांगून पासवर्ड टाकायला लावतात. शेतकऱ्यांचे आधार नंबर, सातबारे, सगळं त्यातच. पण दुकान त्यांनी उभं केलेलं. मला हा अधिकार कुणी दिला?

आज सकाळी हाक आली. "सूनबाई, ह्यो मला वळखंना झालाय."

"पासवर्ड बदललाय, आण्णा. सांगते."

"नको सांगू. माझ्या तोंडात ऱ्हायचा न्हाई."

रागावले नव्हते. तेच जास्त लागलं. नको सांगू म्हणाले आणि खुर्चीवरून उठायला लागले.

मग सुचलं, या नव्या सॉफ्टवेअरला पासवर्डऐवजी बोटाचा ठसाही चालतो. त्यांना परत बसवलं, त्यांचं बोट धरून ठसा घ्यायच्या छोट्या यंत्रावर टेकवलं, ठसा नोंदवला आणि पुन्हा टेकवायला लावलं. हे आधीच का सुचू नये मला? स्क्रीन उघडली.

"हे ब्येस! बोट काय कुणाला वरडून सांगता येत न्हाई."

दुपारभर गिऱ्हाईक नसलं की आण्णा कॉम्प्युटर लॉक करायचे, बोट टेकवून पुन्हा उघडायचे. मी पाहिलंच नाही असं दाखवलं.