शुक्लपक्षाचा बंब

१२ सप्टेंबर
मोठा दिवस. आमचं पळसोडा आणि शेजारचं हिवरखेडी, दोन ग्रामपंचायतींनी मिळून आगीचा बंब घेतला. खर्च निम्मानिम्मा. पाळीची तोड मीच काढली: शुक्लपक्षात बंब आमच्याकडे, कृष्णपक्षात त्यांच्याकडे. तिकडचे सरपंच केशवराव म्हणाले, पंजाबराव, आग लागन तिकडे गाडी जाईन, पक्ष काहून पायजे? भोळा माणूस. दसरा, कोजागिरी, पाडवा सगळं आमच्या पंधरवड्यात. त्यांना पितृपक्ष.

२ ऑक्टोबर, दसरा
बंबाला हार. माझे सतरा फोटो. संकल्प: बंबावर आपल्या गावाचं नाव आधी, मोठ्या अक्षरात.

८ ऑक्टोबर
बंब हिवरखेडीला गेला. टाकी रिकामी करून दिली. पाणी ज्याचं त्याने भरावं.

१५ ऑक्टोबर
सुंदराबाई आली. पहिल्या वेच्याचा कापूस तिच्या पडवीत रचलाय. तो विकून पिंकीला अमरावतीला नर्सिंगला धाडायचंय. म्हणाली, सरपंच, दिवाळीत फटाके उडतात, बंब गावात ठेवा. कॅलेंडर पाहिलं. लक्ष्मीपूजन अमावस्येला, म्हणजे त्यांच्या पाळीत. मला माहीत होतंच. मुद्दाम सोडलं होतं. आता केशवरावांकडे मागणं कमीपणाचं. तिला म्हटलं, निश्चिंत राहा.

२२ ऑक्टोबर, पाडवा
काल संध्याकाळी सातला सुंदराबाईच्या कापसावर रॉकेट पडलं. कुणाचं, त्याची चौकशी करू. आमच्या अंगणातली बाटली तिकडे कलली होती, हा योगायोग.
लगेच केशवरावांना फोन केला. म्हणाले, गाडी काढूनच राहिलो. मी म्हटलं, मेहरबानी नको. अमावस्या पाच चोपन्नला संपली, आता शुक्लपक्ष, बंब हक्काने आमचा. तसं कबूल करा. ते म्हणाले, पाडवा उद्या सूर्य उगवल्यावर. मग ओरडायलाच लागले: बाप्पा, ते मरू द्या, आग कोठं लागली ते सांगा! मी तत्त्वावर ठाम. वीस मिनिटांनी कबूल झाले. बंब आला, तेव्हा विझवण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण निकाल आपल्या बाजूने.
रुख्मिणीने पाडव्याला ओवाळलं नाही. डोकं दुखतंय म्हणाली.

२३ ऑक्टोबर
सुंदराबाई आली होती. भरपाई मागेल म्हणून कागद तयार ठेवले होते. मागितली नाही. म्हणाली, केशवरावानं इचारलं म्हणे, आग कोठं लागली. तुमी माह्यं घर काऊन नाही सांगितलं?
पिंकी फाटकाबाहेर उभी होती.
बंब आता पौर्णिमेपर्यंत आपल्या दारात. टाकी उघडून पाहिली. काठोकाठ भरलेली. केशवरावांनी भरून पाठवला होता.