मरीआईची घागर

खालची वाडी, ३ मे १९१२
निपाणीहून बैलगाडीनं आलो. हाडं खिळखिळी झाली, पण गाव झकास आहे. पाटील मारुतीराव यांनी चावडीशेजारची खोली दिली, वर ताकाचा तांब्या पाठवला. कल्याणीला पाचवा महिना. नको म्हणताना बाईसाहेब हट्टानं आल्या आणि आल्या आल्या चूल सारवून मोकळ्या! मी पटकी थोपवायला आलो म्हणून लोकांनी माझं नाव 'पटकीवाला' ठेवलं. ठेवू देत.

५ मे
वरच्या वाडीत जाऊन आलो. तिथं घरटी माणूस गेलंय. एका रोग्याचा जुलाब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. स्वल्पविरामासारखे वाकडे जंतू, नुसते वळवळत होते. पाण्यातून हेच पोटात जातात आणि धडधाकट माणूस दिवसभरात वाळून मरतो. मारुतीरावांना दाखवले. एवढ्याशा किड्यानं पैलवान कसा मरेल, असं विचारून ते पोट धरून हसले. मलाही हसू आलं.

८ मे
कोडं सुटलं! ओढा पूर्वेला वाहतो आणि पटकी पश्चिमेला सरकते आहे. ओढ्याकाठची गावं ठणठणीत. मरणारी सगळी गावं मरीआईच्या गाड्याच्या वाटेवर. रोगराई आली की देवीचा गाडा पुढच्या गावाच्या शिवेवर ढकलून देतात. गाड्यात घागर असते. आजाऱ्याच्या घरचं पाणी तिच्यात ओततात आणि पुढचं गाव तेच तीर्थ म्हणून पितं. पुजारी भरमा म्हणाला, "पाहुणीचं पानी घेतल्याबिगर ती फुडं जाती व्हय, सायब?" मी कपाळावर हात मारला. गाडा कालच आपल्या गावात आला आहे.

९ मे
गाडा अडवला. घागरीसकट चावडीत कोंडून कुलूप घातलं. भरमा एवढंच म्हणाला की, गाडा जो अडवतो त्यानंच तो पुढं न्यायचा असतो. अडाण्यांच्या नादी कोण लागणार!

११ मे
मारुतीरावांची नात गेली. गाडा आला त्याच दिवशी तिनं तीर्थ घेतलं होतं, हे घसा फोडून सांगितलं. कुणी ऐकलं नाही. देवीला कोंडलं म्हणून ती गावातच राहिली, म्हणे. मारुतीराव माझ्याकडे बघतही नाहीत. मला भीती वाटते आहे. उद्या कल्याणीला माहेरी—

१२ मे
धरलं मला. मारुतीरावांनी हात पिरगाळले, भरमानं नाक दाबलं, घागर तोंडात ओतली. गिळेना तेव्हा गळा चोळला, वासराला औषध पाजतात तसा. पी बाळा, पी, म्हणत होता भरमा. मग मानेवर जू. गाडा माझ्याकडूनच ओढून घेतला शिवेपलीकडे. मागे फिरलो तर दगड. पुढच्या गावानं काठ्या घेऊन वाट अडवली. मधल्या माळावर एक छप्पर आहे, तिथं पडलोय. वही तेवढी खिशात राहिली. डोळे मिटले तरी ते वळवळताना दिसतात—

१३ मे
सुरू झालं. जुलाब, ओकाऱ्या. पोटऱ्यांत गोळे— बोटं सुरकुतली.
कल्याणी आली. एकटी, माळ तुडवत. जा म्हणालो. रडली, गेली नाही.

दुपार
आवाज गेला. नुसती हवा.
पेज आणलीय तिनं. मी वाटीला तोंड लावलं, ओकलो. बाकीची तशीच. नवऱ्याचं उष्टं टाकायचं नाही, म्हणते. कालपासून उपाशी आहे. पोटातल्यासाठी तरी खाते, म्हणते—
वाटी उडवायला हात उचलेना. लिहून वही सरकवली तिच्यापुढे.
पिऊ नकोस.
हसली. माझे डोळे पुसले. वाटी उचलली—
तिला वाचता कुठं