बंद करू नये

प्रिय ताई,

तुला लिहायचं म्हणून मी याआधी तीनदा कागद घेतला. पहिल्याची सामानाची यादी झाली. दुसऱ्यावर मांजरीने चहा सांडला, म्हणजे सांडला मीच, पण ती शेजारी होती. तिसऱ्यावर 'प्रिय ताई' एवढं लिहून लोकरीचा गुंता सोडवायला जो बसलो, तो जेवायलाच उठलो. तू नाव घातलेल्या कॉम्प्युटरच्या क्लासमधून मी तेराव्या दिवशी पसार झालो, त्याला आता नऊ महिने होतील. न लिहिण्याची कारणं ढीगभर सांगता येतील, पण खरं एकच. तुला तोंड दाखवायला जागा नव्हती.

सध्या मी एका विणकामाच्या कारखान्यात आहे. कारखाना म्हणजे जिना चढून दोन खोल्या, एक लांबलचक दोनशे सुयांचं यंत्र, आणि दोघी बहिणी. मोठ्या बाई चौकटीच्या वहीत चित्रं काढतात. धाकट्या बाई यंत्र चालवतात, आणि उरलेल्या वेळात सगळ्यांना चालवतात. मी इथे आलो होतो कोटाला बटण लावून घ्यायला. मोठ्या बाईंनी कोट उलटा केला आणि कॉलरच्या आत तू शिवलेली पट्टी त्यांना दिसली. 'सापडल्यास कळवावे', खाली तुझा नंबर. चष्मा पुसून त्यांनी ती दोनदा वाचली आणि इतक्या हसल्या की सुई हातातून पडली. ती शोधण्यात तासभर गेला, मग चहा झाला, मग कुणीतरी लोकरीच्या पेट्या वर चढवायला हव्या होत्या. बटण लागलं आणि मी राहिलो. सहा महिने, ताई! एका जागी! पायातली भिंगरी गंजली की काय, असं मलाच वाटायला लागलंय.

तर या यंत्राला कोणती सुई कधी वर आणि कधी खाली, हे सांगणारा एक प्रोग्राम आहे. मोठ्या बाईंच्या यजमानांनी तो स्वतः लिहिला होता. ते गेले, पण त्यांच्या फोटोलासुद्धा इथे 'साहेब' म्हणतात. त्या प्रोग्राममुळे वहीतलं बदक स्वेटरवर उतरतं. गेल्या रविवारी जुना कॉम्प्युटर गचकला. सोमवारी धाकट्या बाईंनी भाच्याचा लॅपटॉप आणला, तर प्रोग्राम त्याच्यावर चालेचना. लॅपटॉप नवा, प्रोग्राम म्हातारा, दोघांचं जमेना. धाकट्या बाईंनी फर्मान काढलं, शुक्रवारी भंगारवाला येतोय, तोवर बदक उतरलं तर उतरलं, नाहीतर कॉम्प्युटरबरोबर यंत्रही जाईल, मला आता हा पसारा झेपत नाही. मोठ्या बाईंनी फक्त वही मिटली आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवली. ते काही मला बघवेना. मी म्हणालो, मी करतो.

धाकट्या बाई म्हणाल्या, तू? परवा इस्त्री चालू होईना म्हणून तासभर झटापट करत होतास, आणि प्लग लावलाच नव्हतास!

साहेबांनी लिहिलेला प्रोग्रामचा मूळ मजकूर पेनड्राइव्हवर घालून एका डबीत जपून ठेवला होता, एवढंच माझं नशीब. तो मजकूर म्हणजे पाककृती, आणि कंपायलर म्हणजे ती वाचून रांधणारा आचारी. क्लासच्या पाचव्या दिवशी हे सांगितलं होतं. बघ, अगदीच वाया नाही गेलो. मग मी नेटवरून आचारी उतरवून घेतला आणि बाईंचं मन राखायला 'विणकाम मोठ्या बाईंचे' अशा ऐसपैस नावाच्या फोल्डरात बसवला. त्याला शब्दांमधल्या मोकळ्या जागाच चालेनात, 'विणकाम' एवढं वाचून अडायचा. अर्धा मंगळवार त्यात गेला. मग साधंसं इंग्रजी अक्षरांचं एकशब्दी फोल्डर केलं. पण पडद्यावरच्या, हुकूम टाइप करायच्या काळ्या चौकटीत त्याला हाक मारावी, तर लॅपटॉप म्हणे, असा कुणी माझ्या माहितीत नाही. घरात बसवलेला माणूस, आणि घरमालक म्हणतो माहीत नाही! पुष्कळ वाचल्यावर कळलं की लॅपटॉपकडे पत्त्यांची एक यादी असते, कुणाला कुठे शोधायचं त्याची. तिच्यात आचाऱ्याचा पत्ता घातला. तरी तेच. पुन्हा तपासला, अक्षर न् अक्षर बरोबर. तरी तेच. बुधवारी संध्याकाळपर्यंत मी तो पत्ता सतरा वेळा पुसला आणि लिहिला. मला आपला रेडिओ आठवला. तो खरखरला की मी त्याला थापडा मारायचो, मग रडायचो, आणि मग तू यायचीस.

आता इथली एक रीत सांगायला हवी. फार वर्षांपूर्वी धूळ पुसायला म्हणून तो जुना कॉम्प्युटर बंद केला, तर तीन आठवडे उठला नाही, ऐन थंडीत. तेव्हापासून त्याच्यावर चिठ्ठी होती, 'बंद करू नये'. शेवटी तो चालू असतानाच मेला, पण चिठ्ठीवरचा विश्वास काही मेला नाही. धाकट्या बाईंनी ती सोलून नव्या लॅपटॉपवर डकवली. मीही सोमवारी उघडलेली ती काळी चौकट देवघरातल्या समईसारखी तेवत ठेवली होती. मांजर कळफलकाजवळ गेली तरी मी तिला उचलून जिन्यात ठेवायचो.

काल सकाळी मोठ्या बाई आल्या, माझ्यामागे उभ्या राहिल्या आणि पाठ केलेल्या कवितेसारखं म्हणाल्या, एका गिऱ्हाइकाने सांगितलंय, ती काळी चौकट सोमवारची आहे, तिच्याजवळ पत्त्यांची सोमवारचीच यादी आहे. आधी बंद कर, मग उघड, मग रड.

मी चिठ्ठीकडे बघितलं. धाकट्या बाईंकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून मान डोलावली. मी चौकट बंद केली, नवी उघडली, हाक मारली, आणि आचारी पहिल्या हाकेला हजर! साहेबांचा मजकूर त्याच्या पुढ्यात टाकला तर त्याने त्रेचाळीस कुरकुरी छापल्या. मला वाटलं, संपलं. पण त्या नुसत्या ताकिदी होत्या, लग्नात आत्या देते तशा. ऐकून घ्यायच्या, कार्य थांबत नाही. प्रोग्राम तयार झाला. वही साड्यांच्या खालून बाहेर आली. यंत्र खडखडलं आणि बदकं उतरली. उलटी, पाय वर करून, पण उतरली! धाकट्या बाई म्हणाल्या, पोहू देत पाठीवर, आज त्यांना सगळं माफ. आणि कोपऱ्यात जाऊन नाक शिंकरलं. भंगारवाल्याला आज फक्त जुना कॉम्प्युटर न्यायला सांगितलंय.

आता, चौथा कागद का पुरा झाला ते सांगतो. त्या रेडिओपासून मला 'मग रड' असं सांगणारं गिऱ्हाईक जगात एकच आहे, आणि तिचा नंबर माझ्या कॉलरमध्ये आहे. मोठ्या बाईंना विचारलं, तर त्या वहीत तोंड खुपसून म्हणाल्या, पट्टीवर कळवावे लिहिलं होतं, कळवलं, सहा महिने कळवतेच आहे. म्हणजे तुला सगळं माहीत होतं, आणि तू मला हाकेच्या अंतरावर ठेवून हाक मारली नाहीस. ताई, पळालो ते चुकलं. तुझी माफी मागायची आहे, आणि एकदा ये, असं म्हणायचं आहे. उलटी बदकं तुझ्याच मापाची विणलीत, आणि... थांब, खाली आरडाओरडा चाललाय. खिडकीतून बघतोय. भंगारवाल्याच्या हातगाडीपुढे एक बाई आडवी उभी आहे, यंत्राला हात लावशील तर बघ म्हणतेय. तो बिचारा पुन्हा पुन्हा तो मेलेला कॉम्प्युटर दाखवतोय. बाई तो नीट बघायला पर्समध्ये चष्मा शोधतेय, आणि चष्मा तिच्या डोक्यावर आहे! आलो, आलो, पत्र हातातच देतो.

तुझाच,
भिंगरी