नेढ्यातून दोनदा

१४ ऑक्टोबर, दुपार

प्रिय धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. अक्षर अजून तसंच, ओळ सुरू होते वर आणि संपते खाली. इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण दुकानात दिवसभर उभं राहू देतो, तेवढं पुरे. मालक हल्ली आठवड्यातून दोनदाच डोकावतात. दोऱ्या, ताडपत्र्या, जाळी, गळ, सगळं माझ्याच गळ्यात.

माझ्या भाचीला मासे धरायचा नाद लागला हे वाचून आधी चकित झाले, मग म्हटलं, बाबांची नात आहे, आणखी काय करणार! तू विचारलंस, विणलेल्या दोरीला कुठली गाठ बांधायची. सांगते. हे पहिलं पान तिला दे. दुसरं तुझ्यासाठी आहे.

तर बाई, ऐक. विणलेली दोरी दिसायला बारीक, पण ताकदीला जबर. ती ताणत नाही आणि गुळगुळीत असते. नायलॉनची दोरी गाठीत स्वतःला चावून धरते, ही घसरते. म्हणून गळ बांधायला पालोमार नावाची गाठ घे. दोरी दुमडून दुहेरी कर, ती दुहेरी दोरी गळाच्या नेढ्यातून काढ, तिची साधी सैल गाठ मार आणि पुढे जो फास उरतो त्यातून अख्खा गळ ओवून घे. मग थुंकी लावून ओली कर आणि हळूहळू आवळ. दोन्ही पदर शेजारी शेजारी बसले पाहिजेत, एकमेकांवर चढले तर सोडून पुन्हा बांध. आळस करायचा नाही. टोक अर्ध्या बोटाएवढं ठेवून काप.

पुढे नायलॉनचा तुकडा जोडायचा असेल तर दोन्ही बाजूंनी युनी गाठ, म्हणजे टोकाचा फास करून त्यातून वेढे द्यायचे आणि आवळायचं. नायलॉनला पाच वेढे पुरतात, विणलेल्या दोरीला आठ दे. लोक तुला आणखी एक बारीक गाठ सांगतील. ती जास्त मजबूत आहे, खोटं नाही, पण वाऱ्यात उभं राहून नवशिक्याला ती धड बांधता येत नाही. अर्धवट बसलेल्या भारी गाठीपेक्षा नीट बसलेली साधी गाठ घे. मी प्रत्येक गाठ दुकानाच्या मागच्या भिंतीतल्या आकड्याला अडकवून ताणकाट्याने ओढून बघते. तू दाराच्या कडीला अडकवून ओढ. दोरी बोटांना गुंडाळू नकोस, कापते. जुनं फडकं गुंडाळ.

आणि फेकण्याआधी दोन्ही बाजूंना कोण उभं आहे ते बघायचं.

तुझी आत्या

(दुसरं पान)

धाकट्या, हे पान वाचताना एकटा बस.

तू लिहिलंस, ‘मला त्यातलं काही कळत नाही, मी तर काठीला हातही लावत नाही.’ कळत नाही हे खोटं. लहानपणी शाळेपेक्षा तळ्यावर जास्त असायचास तू. हात लावत नाहीस हे मात्र खरं, आणि का लावत नाहीस तेही मला माहीत आहे. अकरा वर्षं झाली. आपल्या घरात त्या दिवसाबद्दल सगळे एकच वाक्य बोलतात, की धांदरट धाकट्याने मागचापुढचा विचार न करता जोरात फेकलं, दोरी तुटली आणि टोकाला बांधलेलं शिशाचं वजन बाबांच्या डोळ्याला लागलं. तूही तेच बोलतोस. मीही तेच बोलत आले.

दोरी तुटली नव्हती.

त्या दिवशी गाठ मी बांधली होती, तुझ्या लक्षात असेल. गाठी नेहमी मीच बांधायचे, कारण तुला दम नसायचा. दोरी नवी होती, विणलेली, आपल्याकडे पहिलीच. विकणाऱ्याने मला बजावलं होतं, ‘बाई, ही जुनीसारखी नाही. नेढ्यातून दोनदा काढा, नाहीतर घसरेल.’ मी म्हटलं, ‘गाठी मला नका शिकवू.’ आणि बाबांनी शिकवलेली जुनीच गाठ मारली, पाच वेढ्यांची. तू फेकलंस. नेहमीसारखंच फेकलंस, जास्त जोर लावला नव्हतास. मी शेजारी उभी होते. मधेच गाठ सुटली आणि शिसं डावीकडे गेलं. तिथे तळ्याच्या खालच्या पायरीवर बाबा होते.

दवाखान्यात तू बाबांजवळ होतास. मी बाहेर बाकावर बसून उरलेली दोरी काठीच्या चक्रीवर गुंडाळत होते. हातांना काहीतरी काम हवं होतं. टोक हातात आलं. तुटलेल्या दोरीचं टोक विस्कटतं, धागे सुटे होतात. हे टोक आखडलेलं होतं, केसांच्या बटेसारखं वळलेलं. गाठ सुटली की टोक असं दिसतं. मला तेव्हाच कळलं. मी पर्समधली कात्री काढली, ते टोक कापलं आणि कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. तेवढ्यात तू बाहेर आलास आणि म्हणालास, ‘ताई, मी काय केलं हे!’ मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला.

नंतर रोज ठरवायचे, उद्या सांगू. बाबांनी घड्याळं दुरुस्त करायचं बंद केलं. भिंग लावायचा तोच डोळा गेला होता. एकदा ते रिकाम्या टेबलाशी बसले होते. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, “त्या दोरीचं टोक पाहिलं होतंस का गं?”

“नाही बाबा.”

“पाहायला हवं होतं. त्याने काही इतकं जोरात फेकलं नव्हतं.”

“जाऊ द्या आता.”

“मी देईन जाऊ. तो देईल का?”

मी कप ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. पुन्हा त्यांनी विचारलं नाही. त्यानंतर चार महिन्यांनी तू दुसऱ्या गावी बदली मागून घेतलीस.

हे दुकान मी का धरलं, असं सगळे विचारायचे. घराजवळ आहे, असं मी सांगायचे. इथे आल्यापासून एकही माणूस माझ्याकडून गाठ न शिकता विणलेली दोरी घेऊन गेलेला नाही. त्याने तुझं काही भलं झालं नाही, हे मला कळतं.

इतकी वर्षं लपवलं ते तुला घाबरून नव्हे. मला एवढंच नको होतं, की गाठीत जिचा हात कुणी धरणार नाही तिनेच चूक केली, असं कुणी म्हणावं. कारण इतकं क्षुल्लक आहे. ते लिहायलाच सगळ्यात जास्त वेळ लागला.

तुझा काही दोष नव्हता. हे मला बाबा असताना बोलायचं होतं, म्हणजे बोलायला हवं होतं.

माफी मागत नाही, तेवढा हक्क मला वाटत नाही. तू ठरवशील ते मान्य.

ताई


३ नोव्हेंबर

ति. ताईस,
नमस्कार.

दोन्ही पानं मिळाली. माझ्यासाठीचं पान बायकोला वाचून दाखवलं. ती रडली. मला रडू आलं नाही. मी उठून अंगणातली सायकल धुतली, धुवायची काही गरज नव्हती.

राग आलाय, खोटं कशाला लिहू? सगळ्यात जास्त कशाचा आला सांगतो. बाबा जायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या पायाशी बसून माफी मागितली. तू दारात उभी होतीस. माझा शब्द न् शब्द तू ऐकलास. तुझ्या पत्रात सगळं आहे, हे नाही.

पोरीला सांगितलं. म्हटलं, तिलाही कळू दे. ती म्हणाली, “मग तुम्ही का येत नाही तळ्यावर?” रविवारी गेलो. तिने तिच्यासाठीचं गाठींचं पान दगडाखाली दाबून ठेवलं आणि मला वाचून दाखवत राहिली, मी गाठ बांधली. पहिल्यांदा पदर एकमेकांवर चढले, सोडून पुन्हा बांधली. फेकण्याआधी मी इतक्या वेळा आजूबाजूला पाहिलं, की शेवटी तीच म्हणाली, “बाबा, कुणीसुद्धा नाहीये!”

फेकलं. लांब गेलं, सरळ गेलं. मासा काही लागला नाही. पण घरी येताना काठी मी माझ्या खांद्यावर घेतली.

फोन करू नकोस इतक्यात. आवाज ऐकला तर मी काहीतरी लागेल असं बोलून जाईन. पत्रं लिही. लगेच उत्तर आलं नाही तरी लिही, मी वाचतो आहे.

तुझा भाऊ