घरी लहान मूल: नाही

वाकड, पुणे
११ डिसेंबर २००६

तीर्थस्वरूप आईस,

अपेक्षाचा नमस्कार. आम्ही मजेत. संतोषची चाकणची शिफ्ट पुन्हा बदलली, त्यामुळे आमची भेट आता जिन्यातच. बाबांचा खोकला कसा आहे? अपू दूध पिते का? की पोट्टी तिथंही नाक मुरडते?

शनिवारी आमच्या ऑफिसात 'फॅमिली डे' आहे हे तुला संतोषनं सांगितलं आणि तू लगेच पुसदहून गाडीचं रिझर्वेशन करून मोकळी झालीस! आई, येऊ नकोस. फोनवर तू ऐकून घेत नाहीस, म्हणून लिहितेय.

इथं फार थंडी आहे. अपूला बाधेल.

छे, थंडीचं काही नाही. ऐक. दोन वर्षांपूर्वी मुलाखतीत त्या बाईंनी विचारलं होतं, "घरी लहान मूल?" माझ्याआधीच्या मुलीनं 'हो' म्हटलं, तिला पाच मिनिटांत बाहेर काढलं. मी 'नाही' म्हणाले. फॉर्मवरही तेच लिहून सही केली. अपू तेव्हा दहा महिन्यांची होती गं.

आता बघ गंमत. पोरंबाळं असलेल्यांना सहाची बस मिळते. उरलेलं काम कुणाचं? "अपेक्षाला द्या, तिला कसला व्याप!" शनिवारही माझे, दिवाळीही माझी. कात्रजला होतो तोवर पाळणाघरावर निभावलं. इथं आलो, तर बिल्डिंगीत अर्धं ऑफिसच. म्हणून पावसाळ्यापुरतं म्हणून अपूला तुझ्याकडे धाडलं. इथलं पाळणाघर चांगलं नाही हे मी खोटं सांगितलं होतं.

परवा कामाचा ताण कसा हलका करावा यावर भाषण झालं, सक्तीचं. कागदावर लिहायचं होतं, 'घरी तुमची वाट कोण पाहतं?' मी लिहिलं, कुणी नाही. सरांनी तो कागद वाचून मला आणखी एक काम दिलं.

संतोष म्हणतो, सांगून टाक. त्याचं काय जातंय! खोटी माहिती दिली म्हणून मागच्याच महिन्यात एकाला दुपारी जेवणाच्या डब्यासकट घरी पाठवलं. मला भीती वाटते, आई. आणि लाजही वाटते.

अपूला ताप होता तेव्हा तुझा फोन ऑफिसात आला, मी जागेवरच रडले. शेजारच्या श्रद्धानं विचारलं, कुणाची मुलगी? तोंडातून निघून गेलं, बहिणीची. तेव्हापासून ती रोज विचारते, "भाची कशी आहे?"

पण आई, पाच महिने झाले गं, मी तिला पाहिलं नाही. रिझर्वेशन रद्द केलं नसशील तर राहू दे. ये. घेऊन ये तिला. फक्त गाडीत तिच्याकडून घोकून घे. इथं मला मावशी म्हणायचं. जिन्यात, गेटवर, सगळीकडे. खाऊचं आमिष दाखव, ऐकेल ती.

घरात दार लावल्यावरही मी तिची कोण, याची तिला आठवण करून देऊ नकोस. लहान आहे, गोंधळ होईल तिचा.

तुझी,
अपूची आई

(वाचून झालं की हे फाडून टाक.)