बाबाकोतोचा रस्सा

आई,

ताप उतरला, काळजी करू नकोस. इथे नीलमाच्या खाणीवर खोपटं रावेनालाच्या पानांनी शाकारलंय, आपल्यासारखंच. आपलं गळतंय का गं?

तापात सोबत्याने, बोतोवाओने, मला रस्सा पाजला. "रानडुक्कर आहे, पी मुकाट," म्हणाला. काल खोपटामागे काळं-पांढरं कातडं दिसलं. बाबाकोतो लेमूरचं! मी ओरडलो, तर तो हसला, "का रे, तुझा आजा होता काय?"

होताच ना, आई. मध काढताना झाडावरून पडलेल्या आपल्या मूळपुरुषाला बाबाकोतोनेच झेललं होतं. म्हणून तर त्याचं मांस आपल्या घराण्याला वर्ज्य.

पहाटे बाबाकोतो रानात गातात, तेव्हा मी कान झाकतो.

थोरल्या काकांना विचार, आपल्या घराण्याच्या थडग्यात मला जागा मिळेल का. नाही म्हणाले, तर लिहू नकोस. टपाल हरवलं असं मी समजेन.

अजून तुझाच,
वेलोंजारा