पान सात आणि आमची चाळ

मानपाडा, डोंबिवली पूर्व
गुरुवार

आदरणीय देवराममामा यांस मृणालचा सविनय जयभीम.

खडवलीला सगळे बरे असाल अशी आशा आहे. मामीच्या गुडघ्याला तेल लावणं चालू आहे ना? आमच्याकडे आईची तब्येत चांगली आहे, पण ती हल्ली दिवसाही दाराला आतून कडी लावते. त्याचं कारण सांगायलाच हे पत्र. (फोन केला असता, पण आमच्या भिंती तुम्हाला माहीत आहेत. शेजारी फोडणी पडली की ठसका आम्हाला लागतो.)

दोन महिन्यांपूर्वी शौनक नावाचा एक प्रवासलेखक डोंबिवलीवर छोटी पुस्तिका करायची म्हणून वही घेऊन चाळीत आला होता. आता चाळ पुनर्विकासाची वाट बघत असताना वही घेतलेला माणूस म्हणजे सर्व्हेवाला, आणि सर्व्हेवाल्याला काय सांगायचं ते इथे लहान पोरांनाही पाठ आहे. आम्ही पहिल्यापासून इथेच राहतो, भाडेकरू नाही, घरात धंदा नाही, माळा नाही. तो बिचारा परोपरीने सांगत होता की मी फक्त फिरायला आलोय. त्यावर सरोजकाकू म्हणाल्या, "मानपाड्यात? फिरायला?" आणि तिथेच त्याच्यावरचा विश्वास उडाला. सणाला तुमच्याकडे काय करतात, असं त्याने चाळ कमिटीचे अध्यक्ष तानाजीकाका यांना विचारलं, तर काकांनी त्याला जुनं रेशनकार्ड दाखवलं.

गेल्या आठवड्यात ती पुस्तिका आली. नाव 'चार तासांत डोंबिवली'. पान सातवर आम्ही आहोत. लिहिलंय की या चाळीत चाळीस वर्षांत कोणी नवीन आलं नाही, कोणी सोडून गेलं नाही, कोणी काही विकत नाही, इतकी समाधानी वस्ती मी दुसरी पाहिली नाही. एका खोलीत अकरा माणसं, माळा नाही, तरी सगळी झोपतात कशी, हे त्याला शेवटपर्यंत उलगडलेलं नाही. (संध्याकाळी केमिकल कंपन्यांकडून येणारा वास त्याने मसाल्याचा म्हणून वर्णन केलाय. तेवढा एक परिच्छेद मला फार आवडला.) सगळं आम्ही सांगितलं तसंच छापलंय, एक वाक्य सोडून. 'तिसऱ्या खोलीतल्या शालनबाईंचा मसाला घेतल्याशिवाय परतू नका.'

मामा, शालनमावशीचं कांडप मशीन घरच्या मीटरवर चालतं, हे चाळीबाहेर कोणालाही माहीत नव्हतं. आता त्या मशीनवर गोधडी आहे, गोधडीवर फुलदाणी आहे, मसाला बंद आहे, आणि आईसकट सगळी चाळ दिवसा कडी लावून बसते. रविवारी ठाण्याहून एक बाई पुस्तिका हातात घेऊन आल्या, तर मावशीने दारातच सांगितलं, "शालन वारली." बाई इतक्या हळहळल्या की मावशीचाच हात धरून धीर देऊन गेल्या.

मग हे कोणी फोडलं, याची चौकशी समिती नेमली. मी शिकलेली, लिहून घेईन, म्हणून प्रमुख मी. संशय शिवरामकाकांवर, कारण ते निवृत्त आहेत, फाटकाजवळ बसतात, आणि त्यांनी त्या माणसाला पाणी दिलं होतं. (नुसतं नाही, माठातलं. हे सरोजकाकूंनी दोनदा लिहून घ्यायला लावलं.) तेव्हापासून त्यांच्याशी कोणी बोलत नाही. कॅरमला त्यांची जागा रिकामी ठेवून तिघंच खेळतात. माणसाचं म्हणणं ऐकल्याशिवाय त्याला शिक्षा होऊ नये असं मी मानते, म्हणून मी पाच पानी अहवाल लिहिला की काकांविरुद्ध कणभरही पुरावा नाही. तानाजीकाकांनी तो सगळा वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "पुरावा नाही, म्हणजे बघा किती हुशारीने केलंय."

मामीला माझा जयभीम सांगा, आणि हे पत्र तिच्याशिवाय कोणाला दाखवू नका.

तुमची भाची,
मृणाल

ता.क. मामा, ते मीच सांगितलं. तो चाळीबाहेर रिक्षा शोधत होता. म्हणाला, इथलं सगळ्यात चांगलं काय ते एक तरी खरं सांगा. घरातली पहिली पदवीधर मी, खोटं कसं बोलू? पण माझ्या खऱ्याची शिक्षा शिवरामकाका भोगतायत. येत्या रविवारी चाळीच्या बैठकीत मी सगळं कबूल करणार आहे. आई माझं ऐकणार नाही, तुमचं ऐकेल. कृपा करून रविवारी सकाळीच या आणि माझ्या बाजूला बसा.

दुसरा ता.क. (शुक्रवार सकाळ) पत्र पाकिटात घालण्याआधी राहवलं नाही, काल संध्याकाळीच शिवरामकाकांना सगळं सांगून माफी मागितली. ते म्हणाले, मला ठाऊक होतं, मी फाटकावरच होतो. मग हळूच म्हणाले की चारचौघांत कोणी बोलत नसलं तरी, लेखकाशी त्यांची ओळख आहे असं समजून एकेकटे सगळे येऊन जातात. पुढच्या आवृत्तीत तानाजीकाकांना माळ्यावर दोन पाहुण्यांची सोय आहे असं छापून हवंय. सरोजकाकूंना ब्लाउज शिवून मिळतील असं हवंय. शालनमावशी विचारत होती की शालन पुन्हा जिवंत झाली असं लिहिता येईल का. काका कोणाला हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत, आणि रोज कुठून तरी डबा येतो. "पोरी, खरं जरूर बोल," म्हणाले, "पण रविवारी सरोजकडून मटण यायचंय."

मी रात्रभर विचार केला. तुम्ही सोमवारी या.